भाकरी आणि निरोप

वय ९७. मे महिन्याचं ऊन, पारा चाळिशीला टेकलेला, आणि कडेगाव तालुक्यातल्या रामापूरहून शिरगावकडे एक म्हातारा सायकल मारत निघालेला. सायकलही काही नवी नव्हे, पाव शतक वापरलेली. रोजचा हा नेमच. कधी पाच किलोमीटर, कधी वीस. कुणाला भेटायचंय, कुठं काम आहे, कुठं नुसतंच जाऊन यायचंय. रस्त्यात भेटणारी तरणी पोरं मोटरसायकलवरून पुढं निघून जायची आणि हा माणूस आपल्या चालीनं पायडल मारत राहायचा.

त्यांचं नाव गणपती बाळा यादव. जन्म १९२० चा. शेतकरी, प्रपंची माणूस. ऐन विशीत ते सातारच्या प्रतिसरकारच्या, म्हणजे ब्रिटिशांना डावलून गावोगाव चाललेल्या सरकारच्या, तुफान सेनेचे निरोपे होते. भूमिगतांच्या एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी निरोप न्यायचा, आणि रानात, उसात, डोंगरात लपलेल्यांना भाकरी पोचवायची, हे त्यांचं काम. २०२१ साली ते गेले. त्याआधीच्या काही वर्षांत त्यांचं नाव पहिल्यांदा पंचक्रोशीबाहेर पोचलं. संपत मोरे यांच्यासारख्या स्थानिक पत्रकारांनी वाट दाखवली आणि पी. साईनाथ यांनी ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रूरल इंडिया’साठी त्यांच्यावर लिहिलं. तोवर रामापूरच्या बाहेर गणपती यादव म्हणजे फार तर ‘ते सायकलवाले आजोबा’.

प्रतिसरकारवर पुस्तकं आहेत, पोवाडे आहेत, चौकाचौकांत पुतळे आहेत. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी, किसन वीर ही नावं सातारा-सांगलीत शाळकरी पोरालाही पाठ असतात आणि ती असायलाच हवीत. पण ज्या माणसाच्या पायांवर आणि ज्या घराच्या चुलीवर हे सरकार चाललं, त्याची गोष्ट सांगताना आपण घाई करतो. ‘जनतेनं साथ दिली’ एवढ्या एका वाक्यात ती उरकली जाते. गणपती यादव म्हणजे ती जनता. तिला नाव होतं, गाव होतं, घरी वाट बघणारी माणसं होती आणि सकाळी उठून धरायची कामं होती.

तेव्हाचा सातारा जिल्हा आजच्यापेक्षा मोठा. तासगाव, खानापूर, वाळवा, शिराळा हे तालुके सातारा जिल्ह्यातच होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळालं. मधे मधे संस्थानांचे तुकडे विखुरलेले. सांगली पटवर्धनांची, मिरज पटवर्धनांची, आणि कुंडल, किर्लोस्करवाडी, आटपाडी हा मुलूख औंधच्या पंतप्रतिनिधींचा. नकाशा बघितला की भूमिगतांना कुंडल का सोयीचं होतं ते कळतं. एक बांध ओलांडला की ब्रिटिश हद्द संपायची आणि औंधची सुरू व्हायची. औंधचे राजे भवानराव यांनी तर १९३९ च्या सुमाराला प्रजेलाच कारभार देऊन टाकला होता. किर्लोस्करवाडीच्या कारखान्यात शिकलेले कामगार होते, लेथ होते, लोखंड होतं. ब्रिटिश पोलिसाला तिथं शिरायचं तर आधी परवानगीचे कागद लागत. कागद येईतो माणूस दुसऱ्या गावाला पोचलेला असे. तो पोचावा म्हणून आधी कुणीतरी त्याला सांगावा पोचवलेला असे.

ऑगस्ट १९४२ नंतरचे पहिले काही आठवडे मोर्चांचे होते. ३ सप्टेंबरला तासगावच्या कचेरीवर लोक गेले, तिरंगा लावला, मामलेदाराच्या डोक्यावर गांधी टोपी चढवली आणि शांतपणे घरी परतले. ९ सप्टेंबरला वडूजला मात्र गोळीबार झाला. वडगावहून निघालेल्या मोर्च्याच्या पुढं परशुराम घार्गे होते. त्या दिवशी नऊ जण पडले. दुसऱ्या दिवशी इस्लामपुरात आणखी दोन बळी गेले. त्यातले उमाशंकर पंड्या किर्लोस्करवाडीच्या कारखान्यातले अभियंते होते. उघड्या छातीनं कचेरीवर जायचे दिवस संपले हे यानंतर सगळ्यांनाच कळलं. माणसं भूमिगत झाली आणि १९४३ पासून गावोगाव प्रतिसरकार उभं राहिलं. सहाशेच्या आसपास गावांत ते चाललं असं मानतात. न्यायदान मंडळं होती, सावकाराकडून जमीन सोडवून देणं होतं, दारूबंदी होती, थोडक्या खर्चात लग्नं लावणारे गांधी विवाह होते. गुंड, दरोडेखोर आणि पोलिसांचे खबरे यांना शिक्षा होत. ‘पत्री सरकार’ हे नाव पडलं ते तळपायांवर बसणाऱ्या त्या शिक्षेवरून. तुफान सेना ही या सरकारची लढाऊ शाखा. कुंडल तिचं केंद्र, जी. डी. बापू तिचे फील्डमार्शल आणि रामचंद्र श्रीपती लाड तिचे कॅप्टन. त्यांना सगळा जिल्हा पुढं कॅप्टन भाऊ म्हणूनच ओळखत राहिला.

आता विचार करा. सहाशे गावांत पसरलेलं सरकार, आणि त्याला तार नाही, टपाल नाही, फोन नाही. कुठं बैठक आहे, कुणाच्या मागावर पोलीस आहेत, कुठल्या गावात पोलिसांचा तळ पडलाय, कुणाला आज रात्रीच गाव सोडायला हवं, हे सगळं माणसानं माणसाला जाऊन सांगायचं. निरोप तोंडी असेल तर शब्द न शब्द ध्यानात ठेवायचा. चिठ्ठी असेल तर ती अशी दडवायची की झडती झाली तरी हाती लागू नये. सरळ रस्त्यानं जायचं नाही. ओढ्यानं, पांदीनं, पिकातून, लांबचा वळसा घालून जायचं. आणि परत आल्यावर कुणी विचारलं तर बैल चुकला होता, पाहुण्यांकडं गेलो होतो, असं काहीतरी सहज सांगता आलं पाहिजे. म्हणजे माणूस धीट हवा, पण त्याहून अधिक तो चारचौघांसारखा दिसायला हवा. शेतकऱ्याचा पोर या कामाला उत्तम. कुठल्याही वेळी कुठल्याही बांधावर तो दिसला तरी कुणाला नवल वाटत नाही.

भाकरीचं काम निरोपाहून अवघड. चिठ्ठी दडवता येते, दहा माणसांचं जेवण दडवत नाही. भूमिगत टोळी रानात असली की तिला दोन वेळा खायला लागतंच. गावातल्या बायका पहाटे नेहमीपेक्षा जास्त पीठ मळत. जोंधळ्याच्या भाकरी थापायच्या, त्यावर लसणाची नाहीतर शेंगदाण्याची चटणी, एखादा कांदा, आणि सगळं फडक्यात बांधायचं. कोरडी भाकरी दिवसभर टिकते, सांडत नाही, हातावर घेऊन उभ्यानं खाता येते आणि पोलीस आले तर टाकून पळताही येतं. शेतावर न्यायची न्याहारी अशीच बांधतात. त्यामुळं एक-दोन माणसांचं गाठोडं बघून कुणी हटकत नसे. दहाजणांच्या भाकरी न्यायच्या म्हटलं की प्रश्न उभा राहायचा. मग वाटण्या व्हायच्या. या घरातून चार, त्या घरातून सहा, आणि मधल्या वाटेवर सगळं एकत्र. घरात जोंधळ्याचं कणगं अर्धं रिकामं असताना ही पीठं मळली जात होती, हे विसरून चालणार नाही. युद्धाची वर्षं होती, धान्याची टंचाई होती, बंगालात दुष्काळानं माणसं मरत होती. या सरकारचा खजिना गावाच्या कणग्यांतच होता म्हणायला हवं.

गणपती यादव याच साखळीतले. बायकांनी रांधलेलं घेऊन ते भूमिगतांच्या ठिकाणी जात. निरोप आणि भाकरी एकाच फेरीत. सापडलं तर काय होईल हे त्यांना ठाऊक होतं. फरारी माणसाला दिसेल तिथं गोळी घालायला पोलीस कचरत नसत, आणि त्याला खायला घालणाऱ्याचीही गय करत नसत. २५ फेब्रुवारी १९४५ ला शिराळ्याकडच्या मणदूरच्या डोंगरात चकमक झाली. त्यात किसन अहिर आणि नानकसिंग पडले. नागनाथअण्णा थोडक्यात वाचले. वाळव्याचा साखर कारखाना आज हुतात्मा किसन अहिर यांच्या नावानं चालतो.

शेणोलीची गोष्ट सगळ्यांना माहीत आहे, पण ती निरोप्याच्या बाजूनं बघावी. ७ जून १९४३. पुणे-मिरज मार्गावरून रेल्वे कामगारांचा पगार घेऊन गाडी निघालेली. कऱ्हाड तालुक्यातल्या शेणोलीजवळ तुफान सेनेनं रुळांवर दगड रचून ती अडवली आणि मागं सरकू नये म्हणून पाठीमागंही दगड टाकले. बंदुका नव्हत्या. कोयते, काठ्या आणि गावठी बाँब एवढाच सरंजाम. एकोणीस हजारांवर रुपये हाती लागले. प्रवाशांना कुणी हात लावला नाही. कॅप्टन भाऊ नव्वदी ओलांडल्यावरही याला ‘लूट’ म्हटलेलं खपवून घेत नसत. ब्रिटिशांनी लोकांचं लुटलं होतं, ते आम्ही परत आणलं, असं ते ठणकावून सांगत. आता यात काय काय आधी कळलेलं असावं लागतं ते बघा. पगाराची गाडी कोणत्या दिवशी, कोणत्या वेळी, पैसे कोणत्या डब्यात, कुठल्या गावातून किती माणसं येणार, कुठं जमणार, परत कुठल्या वाटेनं पांगणार. यातला एक निरोप चुकला असता तर सगळी टोळी पोलिसांच्या हाती गेली असती. पुढं १४ एप्रिल १९४४ ला धुळे जिल्ह्यात चिमठाण्याजवळ सरकारी खजिन्याचे साडेपाच लाख रुपये सातारच्या आणि खानदेशच्या कार्यकर्त्यांनी मिळून काबीज केले. कुंडलपासून खानदेशपर्यंत ही साखळी न तुटता पोचली होती.

घरच्या माणसांनी याची किंमत किती मोजली हे हौसाबाई पाटलांच्या सांगण्यातून कळतं. हौसाबाई म्हणजे क्रांतिसिंहांच्या कन्या आणि स्वतः तुफान सेनेच्या सैनिक. भवानीनगरच्या पोलीस ठाण्यासमोर नवरा-बायकोच्या भांडणाचं नाटक रचून पोलिसांना बाहेर ओढायचं आणि तेवढ्यात साथीदारांनी बंदुका पळवायच्या, अशा धाडसात त्या होत्या. पण त्यांच्या आठवणीत तेवढंच ठळक एक दुसरं चित्र होतं. वडील भूमिगत, जमीन जप्त, घराला सील, आणि गावातला माणूस भीतीपायी जवळ यायला तयार नाही. मामानं एक बैलजोडी आणि गाडी दिली. त्या गाडीत गूळ, शेंगा, जोंधळा भरून घरच्यांनी येडेमच्छिंद्रहून ताकारीला भाडी मारली. एवढ्या वाटेचे जे पैसे मिळतील त्यांत बैलांचा चारा आधी, मग माणसांचं पोट. नाना पाटील सरकारी नोकरीतले तलाठी होते. ती नोकरी त्यांनी १९३० च्या सुमाराला सोडली नसती तर हे घर सुखानं जगलं असतं. चळवळीचा इतिहास लिहिताना अशा बैलगाडीला एखादं पान तरी मिळायला हवं.

१९४६ मध्ये प्रांतात काँग्रेसचं मंत्रिमंडळ आलं, वॉरंटं मागं घेतली गेली आणि भूमिगत माणसं उजेडात आली. नाना पाटील १९५७ मध्ये साताऱ्यातून आणि १९६७ मध्ये बीडमधून लोकसभेवर गेले. काहींनी साखर कारखाने, शाळा, वसतिगृहं उभी केली. पण निरोप्यांचं काय झालं? ते घरी गेले. औत धरलं, पेरणी केली, लग्नं झाली, पोरं झाली. गणपती यादवांनीही रामापुरात शेती केली आणि संसार केला. सत्तर वर्षांहून जास्त. चळवळीची तीन-चार वर्षं आणि प्रपंचाची सत्तर, हे प्रमाण ध्यानात ठेवलं की या माणसाचं आयुष्य नीट दिसतं.

शासनदरबारी त्यांच्यासारख्यांची अडचण वेगळीच होती. १९७२ मध्ये स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात केंद्राची स्वातंत्र्यसैनिक सन्मान निवृत्तिवेतन योजना सुरू झाली. निकष असा की किमान सहा महिन्यांचा तुरुंगवास हवा. भूमिगत असलात तर तेही सहा महिन्यांहून अधिक, आणि त्यासाठी फरारी म्हणून जाहीर झालेलं असायला हवं, नाहीतर डोक्यावर बक्षीस हवं, नाहीतर न बजावलेला अटकेचा हुकूम हवा. कागद हवा. हा नियम पुढाऱ्यांना, तुरुंगात गेलेल्यांना, पोलिसांच्या यादीत आलेल्यांना लागू पडतो. निरोप्याला कसा पडणार? ज्यानं काम चोख केलं तो पोलिसांच्या यादीत येणारच नाही. त्याच्या नावाचं वॉरंट निघालं असतं तर त्याचा उपयोगच संपला असता. त्याच्यावर संशय आला नाही, म्हणून वीस जण वाचले. पण संशय आल्याचा पुरावा नाही, म्हणून तो सैनिक नाही. ज्या बाईनं तीन वर्षं पहाटे उठून परक्यांसाठी भाकरी थापल्या तिचं तर यादीत नाव येण्याची शक्यताच नव्हती. खोट्या दाव्यांना आळा घालायला काहीतरी निकष लागतोच, हे मान्य. तरीही सातारा-सांगलीच्या बाबतीत या निकषानं अर्धं प्रतिसरकार हिशेबाबाहेर राहिलं, हे स्पष्ट म्हणायला हवं.

घरातल्या कर्त्या माणसाच्या कामाचीही नोंद अशीच नसते. येरळेच्या काठच्या या मुलखात या माणसांनी दिवस कसे काढले असतील याची कल्पना आज ऊस आणि द्राक्षबागा बघून येत नाही. येरळा ही वर्षाचे बहुतेक महिने वाळूची नदी. कडेगाव, खानापूर, आटपाडी, खटाव, माण हा सगळा पट्टा पर्जन्यछायेतला. जोंधळा, बाजरी, हुलगा, मटकी, शेंग एवढीच पिकं, आणि तीही पाऊस पडला तर. विहिरीला पाणी असेल तोवर मोट, नाहीतर घाटमाथ्यावरची नाहीतर मुंबईची वाट. गिरण्यांत, गोदीत, माथाड्यांत सातारा-सांगलीची किती माणसं खपली ते परळ-लालबागच्या चाळी आणि मशीद बंदरच्या वखारी सांगतील. विटा-खानापूरकडचे लोक सोनं-चांदी गाळण्याच्या धंद्यात शिरले आणि देशभर पांगले. जे गावात राहिले त्यांनी दगडातून धान्य काढलं.

१९७२ चा दुष्काळ त्या पिढीच्या बोलण्यात कायम येतो. लाखो माणसं खडी फोडायला, पाझर तलाव खणायला गेली. महाराष्ट्राची रोजगार हमी योजना याच काळात राज्यभर पसरली आणि १९७७ मध्ये तिचा कायदा झाला. तिचे जनक वि. स. पागे याच मातीतले, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे. १९६९ मध्ये त्यांनी या योजनेचा पहिला प्रयोग तासगाव तालुक्यातच केला. स्वातंत्र्यसैनिक पागे विधान परिषदेचे सभापती होते, पण दुष्काळी गावातल्या माणसाला फुकट धान्य नको, हाताला काम हवं, हे त्यांना गावातूनच कळलं होतं. पंचवीस-तीस वर्षांपूर्वी ज्यांनी रात्री-अपरात्री भूमिगतांना भाकरी दिली, त्यांतले कितीतरी जण त्या उन्हाळ्यात हातोडा घेऊन खडीच्या ढिगावर बसले असतील. कुणी कुणाला जुन्या दिवसांचं सांगितलंही नसेल. पुढं ताकारी आणि टेंभू उपसा योजनांचं कृष्णेचं पाणी टप्प्याटप्प्यानं वर चढलं आणि शिवारं बदलली. ज्यांनी आयुष्यभर आभाळाकडं बघून पेरलं त्यांच्या म्हातारपणी हे पाणी आलं.

प्रश्न असा पडतो की इतकं करून ही माणसं गप्प का राहिली? एक कारण उघड आहे. कुणी विचारलंच नाही. दुसरं त्यांच्या कामातच होतं. ज्यानं तरुणपणी तोंड बंद ठेवण्यावर स्वतःचा आणि दुसऱ्यांचा जीव सांभाळला, तो नंतर पारावर बसून फुशारकी मारत नाही. आणि तिसरं कारण प्रपंचाचं. सकाळी जनावरांचं शेण काढायचं असतं, वैरण घालायची असते, पाण्याची पाळी असते, बँकेचा हप्ता असतो. आठवणी काढायला फुरसत हवी, आणि शेतकऱ्याच्या घरात ती थकल्यावरच मिळते.

त्या फुरसतीच्या वयात काही जणांना बोलतं केलं गेलं, हे आपलं नशीब. ७ जून २०१७ ला शेणोलीच्या घटनेच्या स्मरणदिनी महात्मा गांधींचे नातू गोपाळकृष्ण गांधी आले. त्यांनी रुळांजवळच्या छोट्या स्मारकाला वंदन केलं आणि कुंडलला प्रतिसरकारच्या उरलेल्या सैनिकांची भेट घेतली. ज्यांनी गांधींच्या ‘करेंगे या मरेंगे’ या हाकेवर घर सोडलं आणि हातात कोयता घेतला, त्यांच्यापुढं गांधींचा नातू हात जोडून उभा होता. अहिंसेचा प्रश्न त्या क्षणी कुणी काढला नाही, आणि ते योग्यच झालं. दीड वर्षानं, नोव्हेंबर २०१८ मध्ये देशभरचे शेतकरी दिल्लीला मोर्चा घेऊन निघाले, तेव्हा ९६ वर्षांच्या कॅप्टन भाऊंनी कुंडलहून त्यांना पाठिंब्याचा संदेश पाठवला. शेतीच्या संकटावर संसदेचं तीन आठवड्यांचं खास अधिवेशन घ्या, ही शेतकऱ्यांची मागणी त्यांनी उचलून धरली. प्रकृतीनं साथ दिली असती तर आपणही चाललो असतो, असं ते म्हणाले. १९४३ चा कॅप्टन आणि २०१८ चा शेतकरी ही एकाच घरातली, एकाच अंगातली माणसं होती, हे त्या संदेशात साफ दिसतं.

मग एकापाठोपाठ एक सगळे गेले. कासेगावच्या इंदुताई पाटणकर २०१७ मध्येच गेल्या होत्या. कोवळ्या वयात घर सोडून त्या प्रतिसरकारच्या कामात उतरल्या होत्या. २०२१ मध्ये गणपती यादव गेले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये इंदुताईंच्या सून गेल ऑम्वेट यांनी कासेगावात डोळे मिटले. अमेरिकेतून येऊन सातारा-सांगलीच्या शेतकऱ्यांच्या चळवळीचा अभ्यास करणाऱ्या आणि इथल्याच होऊन गेलेल्या त्या विदुषी. सप्टेंबरमध्ये हौसाबाई गेल्या. ५ फेब्रुवारी २०२२ ला शंभरीला काही महिने उरले असताना कॅप्टन भाऊ गेले. त्याच वर्षाअखेर साईनाथ यांचं ‘द लास्ट हीरोज’ प्रसिद्ध झालं. देशभरातल्या अनामिक लढवय्यांच्या या पुस्तकात कॅप्टन भाऊ, हौसाबाई आणि गणपती यादव यांची चरित्रं आहेत. एका जिल्ह्याच्या वाट्याला इतकी पानं आली, हे प्रतिसरकारच्या कामाला साजेसंच. तिघांपैकी कुणाच्याही हाती ते छापलेलं पुस्तक पडलं नाही.

गणपती यादवांना त्यांच्या भागातली माणसं कशी आठवतात? लढ्याआधी बोलणं सायकलीवर येतं. एवढ्या उन्हात कशाला जाता, म्हटलं तरी न ऐकणारा म्हातारा. हे आठवणं काही कमी प्रतीचं नाही. खरं तर लढ्यातला निरोप्या आणि नव्वदीतला सायकलस्वार यांत एक सरळ धागा आहे. दुसऱ्यापर्यंत स्वतःच्या पायानं पोचायचं, कुणाची वाट बघत बसायचं नाही, सांगितलेल्या वेळी हजर व्हायचं. अंगात मुरलेली ही शिस्त त्यांनी शेतात वापरली, घरात वापरली, आणि हातपाय चालत होते तोवर सोडली नाही. शौर्याला ज्या मोजपट्ट्या आपण लावतो त्यांत हे बसत नाही. बसत नाही म्हणून मोजपट्टी बदलायला हवी.

२०४३ मध्ये प्रतिसरकारला शंभर वर्षं होतील. तेव्हा समारंभ होतील, भाषणं होतील, स्मरणिका निघतील. त्याआधी एक साधं काम करता येण्यासारखं आहे आणि ते ग्रामपंचायतींनी आणि गावच्या शाळांनी करायचं आहे. त्या सहाशे गावांतल्या कितीतरी गावांत नव्वदीच्या आसपासची एखादी आजी, एखादे आजोबा अजून असतील. ते तेव्हा पाच-दहा वर्षांचे असतील, पण रात्री दारावर टकटक झाली की आई उठून पीठ मळायला बसायची, हे त्यांनी पाहिलेलं आहे. कुणाच्या घरात कोण लपलं, कणगीच्या मागं कोण बसलं, कुणी किती भाकरी दिल्या, कोण रात्रीत दुसऱ्या गावाला जाऊन आलं, हे विचारून लिहून घ्यायचं. नावासकट, आडनावासकट, कुठल्या आळीतलं घर तेही लिहायचं. वडूजला, शेणोलीला, कुंडलला स्मारकं आहेतच. त्यांच्या शेजारी या नावांच्या पाट्या लागतील तेव्हा लागतील. नावं मात्र आत्ताच गोळा करायला हवीत, कारण ती सांगणारी माणसं दर पावसाळ्यात कमी होत आहेत.